धुराची शिरगणती

मोठ्या शहरांतल्या चौकात आता हवेची स्थिती सांगणारे फलक दिसतात. त्यांवर पीएम १० आणि पीएम २.५ असे आकडे असतात. १० किंवा २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक असे किती मायक्रोग्रॅम कण एक घनमीटर हवेत आहेत, ते या आकड्यांवरून कळते. हवा घातक आहे की बरी, हे त्यावरून ठरवता येते. पण एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे कण आले कुठून?" तर फलकाकडे उत्तर नसते. यंत्राने हवा ओढली, कण गाळून घेतले आणि त्यांचे वजन केले, इतकेच. त्यातला कोणता कण ट्रकच्या धुराड्यातून आला, कोणता भट्टीतून आणि कोणता रस्त्यावरून उडाला, याची नोंद त्या वजनात नाही.

शहराला उपाय करायचा असेल तर मात्र याच प्रश्नाचे उत्तर लागते. त्यासाठी शास्त्रज्ञ धूर सोडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी करतात, प्रत्येकीचा वार्षिक धूर अंदाजतात आणि तो नकाशावर मांडतात. या यादीला 'उत्सर्जन-सूची' म्हणतात. आपण तिला धुराची शिरगणती म्हणू. माणसांच्या शिरगणतीत प्रगणक दारोदार जाऊन माणसे मोजतो. धुराच्या बाबतीत ते शक्य नाही. शहरातल्या लाखो धुराड्यांवर यंत्रे बसवता येत नाहीत. म्हणून ही शिरगणती मोजून कमी आणि अंदाजाने जास्त होते.

हे अंदाज करायला माणूस कसा शिकला आणि कुठे कुठे फसला, ते या लेखात पाहू. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. यादीत ज्याचे नाव नाही तो मोकळा सुटतो, आणि ज्याच्या नावापुढे चुकीचा आकडा पडतो तो नाहक भरडला जातो. म्हणूनच या कोरड्या वाटणाऱ्या यादीकडे नीट पाहायला हवे.

एका टन कोळशाचा धूर किती?

१६६१ साली जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थाने राजा दुसरा चार्ल्स याला एक पुस्तिका सादर केली. तिचे नाव 'फ्युमिफ्युजियम'. लंडनवर पसरलेल्या कोळशाच्या धुराबद्दल तिच्यात तक्रार होती. एव्हलिनने दोषी कोण तेही सांगितले होते. स्वयंपाकघरातल्या चुलींचा धूर हलका असतो आणि सहज विरून जातो, असे त्याचे म्हणणे. खरा उपद्रव मद्य गाळणारे, रंगारी, चुना भाजणारे, मीठ आणि साबण शिजवणारे अशा मोजक्या व्यवसायांच्या भट्ट्यांचा. या भट्ट्या शहराबाहेर हलवाव्यात, असा उपाय त्याने सुचवला.

एव्हलिन निरीक्षणात तरबेज होता, पण त्याने मोजदाद केलेली नव्हती. मोठ्या धुराड्यातून निघणारा काळा लोट डोळ्यांत भरतो. हजारो घरांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या बारीक रेषा एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. त्यांची बेरीज डोळ्यांना दिसत नाही.

ही बेरीज लंडनच्या पदरात पडली ती जवळजवळ तीनशे वर्षांनी. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर हवा जणू गोठून राहिली. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, अशी स्थिती झाली. शहराचा सगळा धूर त्या झाकणाखाली साठला. त्या धुक्याने सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. पुढे झालेल्या फेरतपासणीत हा आकडा १२,०००च्या आसपास असावा असे दिसले.

१९५३ साली सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने देशात जळणाऱ्या कोळशाची वाटणी पाहिली. घरगुती शेगड्यांत जळणारा कोळसा एकूण कोळशाचा लहानसा हिस्सा होता, पण धुराच्या हिशेबात त्याच शेगड्यांचा वाटा जवळजवळ निम्मा निघाला. कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळसा भरपूर हवा मिळून जास्त तापमानाला जळतो. घरातल्या उघड्या शेगडीत तो अर्धवट जळतो आणि काजळी सोडतो. कोळसा तोच, पण एका टनामागे निघणारा धूर वेगळा. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याने म्हणूनच घरातल्या शेगडीला हात घातला. ठराविक वस्त्यांत धूर करणारे इंधन बंद झाले आणि शेगड्या बदलण्यासाठी लोकांना अनुदान मिळाले.

आपल्या विषयाची पहिली कल्पना इथे हाती येते. किती इंधन जळाले एवढे पाहून भागत नाही. ते कसे जळाले, म्हणजे एका टनामागे किती धूर निघाला, हेही पाहावे लागते. या 'टनामागे किती' ला पुढे 'उत्सर्जन गुणांक' असे नाव मिळाले.

रबराचा कारखाना आणि निळसर धुके

लंडनमध्ये गुन्हेगार काळ्या रंगाचा होता, निदान दिसत तरी होता. लॉस एंजेलिसमध्ये तो दिसतही नव्हता.

जुलै १९४३ मध्ये या शहरावर एक झोंबणारे धुके उतरले. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, घसे खवखवू लागले. दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे हा शत्रूचा विषारी वायूचा हल्ला तर नाही ना, अशी शंकाही काहींना आली. मग संशय गेला तो शहराच्या मध्यभागी असलेल्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार होत असे. लोकांच्या ओरडीमुळे कारखाना काही काळ बंद ठेवला गेला, त्यात सुधारणाही झाल्या. तरी धुके येतच राहिले.

१९४७ साली लॉस एंजेलिस परगण्यात हवा-प्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक लुई मॅक्केब हे कोळसा आणि खाणींच्या क्षेत्रातले जाणकार. त्यांनी यादी केली ती त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे. प्रदूषण म्हणजे धूर आणि सल्फर डायॉक्साइड, हा लंडनसारख्या कोळशाच्या शहरांचा धडा होता. तेलशुद्धीकरण कारखाने, ओतशाळा, कचऱ्याचे उघडे ढीग यांच्यावर निर्बंध आले. पुढे १९५७ मध्ये घरोघरच्या परसातल्या कचरा जाळण्याच्या भट्ट्याही बंद झाल्या. धूळ आणि सल्फर डायॉक्साइड यांत घट झाली. डोळे चुरचुरायचे मात्र थांबले नाही.

याचे उत्तर एका वेगळ्याच क्षेत्रातल्या माणसाने शोधले. आरी हागन-स्मिट हे मूळचे नेदरलँड्सचे जैवरसायनशास्त्रज्ञ. कॅल्टेक या संस्थेत ते अननसाच्या स्वादातले घटक वेगळे करत होते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेली द्रव्ये गोठवून पकडण्यात त्यांचा हात बसलेला होता. तीच पद्धत त्यांनी पॅसाडेना गावच्या हवेवर वापरली. मग प्रयोगशाळेत त्यांनी पेट्रोलच्या वाफेत असणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजन डायॉक्साइड एकत्र करून त्यावर प्रकाश पाडला. त्यातून ओझोन तयार झाला. ओझोनने रबराला चिरा पडतात, आणि लॉस एंजेलिसमध्ये मोटारींचे टायर लवकर तडकतात ही तक्रार जुनीच होती. रबराची वाकवलेली पट्टी हवेत ठेवायची आणि चिरा पडायला किती वेळ लागतो ते पाहायचे, अशी ओझोन मोजण्याची साधी रीतही त्यांनी वापरली. १९५२ साली त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

या शोधाने शिरगणतीचे नियमच बदलले. ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नव्हता. तो उन्हात, हवेत तयार होत होता. त्यामुळे 'ओझोन सोडणारे' अशी यादी करण्यात अर्थच नव्हता. यादी करायची ती ओझोनच्या कच्च्या मालाची, म्हणजे हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची. अशी यादी करायला घेतल्यावर तेलशुद्धीकरण कारखाने, पेट्रोलच्या टाक्या आणि सर्वांत मोठा मानकरी म्हणून मोटारगाड्या वर आल्या. ज्या गाडीत बसून लोक रबराच्या कारखान्याविरुद्ध तक्रार करायला जात होते, ती गाडीच यादीत पहिली लागली.

हे पचायला सोपे नव्हते. तेल-उद्योगाने पैसा पुरवलेल्या संशोधकांनी हागन-स्मिट यांचे निष्कर्ष नाकारले. १९५३ साली परगण्याचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी फोर्ड कंपनीला पत्र लिहून विचारणा केली. गाड्यांचा धूर हवेत लवकर विरून जातो, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. एव्हलिनने चुलींविषयी जे म्हटले होते, तेच हे. पुढे इतर प्रयोगशाळांतही हागन-स्मिट यांचे म्हणणे खरे ठरले. कॅलिफोर्नियाने १९६६च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली, आणि १९६८ मध्ये राज्याच्या नव्या हवा-मंडळाचे पहिले अध्यक्ष म्हणून हागन-स्मिट यांचीच नेमणूक झाली.

गुणाकाराचे पुस्तक

आता यादीतल्या प्रत्येक नावापुढे आकडा कसा लिहायचा ते पाहू. सूत्र प्राथमिक शाळेतल्या गुणाकाराइतके सोपे आहे:

उत्सर्जन = कामाचे प्रमाण × उत्सर्जन गुणांक

कामाचे प्रमाण म्हणजे जळालेला कोळसा, धावलेले किलोमीटर, भाजलेल्या विटा. गुणांक म्हणजे त्या कामाच्या एका एककामागे निघणारे प्रदूषक. समजा, एका वस्तीत ५ किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यांवरून दिवसाला २०,००० दुचाकी जातात. म्हणजे दिवसाचे १ लाख वाहन-किलोमीटर झाले. दर किलोमीटरला ०.०५ ग्रॅम कण निघतात असे धरले, तर दिवसाचे ५ किलो झाले. कारखान्यात धूर गाळणारे यंत्र असेल तर ते जेवढा धूर अडवते तेवढा वजा करायचा. यंत्र ९० टक्के धूर अडवत असेल तर १० टक्केच हिशेबात धरायचा.

अडचण अशी की प्रत्येक कामाचा गुणांक कोणी तरी, कुठे तरी प्रत्यक्ष मोजलेला हवा. १९६८ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने असे गुणांक एकत्र करून पुस्तक काढले. ते 'एपी-४२' या नावाने ओळखले जाते. पुढे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते वाढवत नेले. त्यात बॉयलर आहेत, सिमेंटच्या भट्ट्या आहेत, डांबराचे कारखाने आहेत, अगदी वाहनांच्या चाकांनी रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचे सूत्रही आहे. जगातल्या अनेक देशांनी आपापल्या शिरगणतीसाठी याच पुस्तकाचा आधार घेतला. अमेरिकेतल्या रस्त्यावर मोजलेला गुणांक दुसऱ्या देशातल्या रस्त्याला कितपत लागू पडतो, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटलेला आहे.

यादीचा नकाशा होतो

शहरातून वर्षाला इतके टन धूर निघतो, हे कळल्याने अर्धेच काम होते. तो धूर कोणाच्या नाकात जाणार, हे तो कुठे आणि केव्हा निघतो यावर अवलंबून असते. म्हणून शहराच्या नकाशावर आलेखाच्या वहीसारखे चौकोन आखतात आणि एकूण धूर त्या चौकोनांत वाटतात. कारखान्याची जागा ठाऊक असते, त्याचा धूर थेट त्याच्या चौकोनात पडतो. गाड्यांचा धूर रस्त्यांची लांबी आणि वर्दळ पाहून वाटतात. घरगुती चुलींचा धूर लोकसंख्या आणि इंधनाची माहिती पाहून वाटतात. मग दिवसाचे तास येतात. कार्यालयांच्या वेळी वाहने जास्त, रात्री ट्रक जास्त, पहाटे शेकोट्या जास्त.

हा नकाशा गणिती प्रतिमानाला दिला की ते वारा, उष्णता आणि रासायनिक क्रिया यांचा हिशेब करून प्रत्येक चौकोनातली हवा कशी असेल ते सांगते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्टेकमधल्या जॉन साइनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिससाठी असे प्रतिमान रचले. आज हे काम मोठे संगणक करतात. पण त्यामागची मूळ कल्पना नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येते.

समजा, एक शहर २० किलोमीटर रुंद आहे आणि तिथून रोज १०० टन कण हवेत जातात. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १,१६० ग्रॅम. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा तापून १,००० मीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि वारा सेकंदाला २ मीटर वेगाने वाहतो, असे धरू. मग दर सेकंदाला शहरावरून २०,००० × १,००० × २ म्हणजे ४ कोटी घनमीटर हवा जाते. भागाकार केला तर एका घनमीटरला सुमारे २९ मायक्रोग्रॅम येतात. आता थंडीची पहाट घेऊ. हवेचे झाकण २०० मीटरवर उतरले आहे आणि वारा १ मीटरवर आला आहे. हवा झाली ४० लाख घनमीटर, आणि कण सुमारे २९० मायक्रोग्रॅम. शहराने एक ग्रॅमही जास्त सोडलेला नाही, तरी हवा दहापट वाईट झाली.

या उदाहरणातून विद्यार्थ्यांना दोन गोष्टी समजतील. एक, दिवाळीच्या सुमारास हवा बिघडते त्याला फक्त फटाके कारण नसतात, ऋतूही असतो. दुसरी अधिक महत्त्वाची. हवेतला आकडा खाली आला म्हणजे उपाय लागू पडला असे नाही, कदाचित वारा सुटला असेल. उपाय लागू पडला की नाही हे पाहायला शिरगणतीच लागते.

बोगद्यात पकडलेली चूक

पण शिरगणतीच चुकली असेल तर? ती तपासायची कशी?

१९८७ साली लॉस एंजेलिसमध्ये याची एक सुंदर तपासणी झाली. व्हॅन नाइस विमानतळाच्या धावपट्टीखालून एक रस्ता बोगद्यातून जातो. संशोधकांनी बोगद्यातली हवा मोजली. आत येणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा यांतला फरक म्हणजे आतल्या गाड्यांनी सोडलेला धूर. गाड्या मोजल्या, बोगद्याची लांबी माहीत होती. भागाकार केला की खऱ्या रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांचा गुणांक हातात आला.

तो अधिकृत गुणांकाशी ताडून पाहिला तेव्हा धक्का बसला. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा हिशेब साधारण जुळत होता. पण कार्बन मोनॉक्साइड अंदाजाच्या सुमारे २.७ पट आणि हायड्रोकार्बने सुमारे ३.८ पट निघाली. अधिकृत गुणांक प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठराविक वेगांच्या ठराविक क्रमाने मोजलेले होते. रस्त्यावरच्या गाड्या असा क्रम पाळत नाहीत. काही जुन्या, काही बिघडलेल्या, काहींचे धूर कमी करणारे भाग निकामी झालेले. डेन्व्हर विद्यापीठाच्या डोनाल्ड स्टेडमन यांनी त्याच सुमारास रस्त्याच्या कडेने अवरक्त किरण सोडून जाणाऱ्या गाड्यांचा धूर मोजायला सुरुवात केली होती. त्यांना असे आढळले की सुमारे १० टक्के गाड्या मिळून जवळजवळ निम्मा कार्बन मोनॉक्साइड सोडतात. सरासरी गाडी नावाची वस्तू रस्त्यावर फारशी नसतेच.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने ही त्रुटी मान्य केली. बाष्परूपी सेंद्रिय द्रव्यांचा अंदाज वर्षानुवर्षे दोन ते चार पटींनी कमी धरला गेला होता. म्हणजे ओझोन कमी करण्याच्या योजना लहान आकड्यांवर आखल्या गेल्या होत्या.

यानंतरही धडा पुरता गिरवला गेला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. कंपनीच्या काही डिझेल गाड्यांतली संगणकप्रणाली चाचणी चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर कमी करत असे. रस्त्यावर मात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीतच मोजणीयंत्र ठेवून ती रस्त्यावर चालवली, म्हणून हे लक्षात आले. इथे चूक अज्ञानाची नव्हती, लबाडीची होती. पण ती पकडण्याची रीत बोगद्यातल्यासारखीच होती. कागदावरचा आकडा खऱ्या धुराशी ताडून पाहायचा.

आपल्या शहरांची शिरगणती

भारतात या कामाचा एक मोठा टप्पा २०११ मध्ये पूर्ण झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, बेंगळुरू, चेन्नई आणि कानपूर या सहा शहरांचा अभ्यास करवून घेतला. मुंबईचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे म्हणजे 'नीरी'कडे होते आणि पुण्याचे 'एआरएआय' या वाहन-संशोधन संस्थेकडे. हवा मोजण्याच्या प्रत्येक ठिकाणाभोवती दोन किलोमीटर बाजूचा चौकोन धरून त्यातल्या भट्ट्या, उपाहारगृहे, वाहने, बांधकामे यांची पाहणी झाली. भारतीय गाड्यांचे गुणांक एआरएआयने पुण्यातच रोलरवर गाड्या चालवून मोजले. परदेशी पुस्तकावरचे अवलंबन त्यामुळे काही प्रमाणात तरी कमी झाले.

पुण्याचीच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था हिने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत 'सफर' ही हवेचा अंदाज वर्तवणारी व्यवस्था उभारली. त्यासाठी दिल्लीची शिरगणती १.६७ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत केली गेली. २०१८ मध्ये ती ४०० मीटरच्या चौकोनांपर्यंत बारीक झाली. पुणे आणि मुंबई या शहरांतही ही व्यवस्था पुढे आली. चौकोन जितका लहान तितके पायी हिंडणे जास्त, आणि हे काम विद्यार्थ्यांच्या मोठ्या सहभागाशिवाय झाले नसते.

आता दिल्लीचेच एक उदाहरण पाहू. आयआयटी कानपूरने २०१६ मध्ये दिल्लीच्या हवेचा अहवाल दिला. त्यात शिरगणतीप्रमाणे पीएम २.५ मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा सुमारे ३८ टक्के होता. त्याच अहवालात दुसऱ्या बाजूनेही तपास केला होता. हवेतले कण गाळून त्यांचे रासायनिक पृथक्करण करायचे आणि त्यांतल्या मूलद्रव्यांच्या खुणांवरून त्यांचे मूळ ओळखायचे. या तपासात हिवाळ्यात माती आणि रस्त्यावरची धूळ मिळून सुमारे ४ टक्केच भरली. त्याऐवजी वाहने, लाकूडफाटा व शेतातले अवशेष यांचा धूर आणि हवेतच तयार झालेले कण यांनी मोठी जागा व्यापली होती.

३८ आणि ४. यातले खरे कोणते?

दोन्ही, पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. शिरगणती वर्षभरात शहराच्या हद्दीतून काय निघाले ते सांगते. पृथक्करण त्या ठिकाणी, त्या ऋतूत हवेत काय होते ते सांगते. हद्दीबाहेरून वाऱ्याबरोबर आलेला धूर शहराच्या यादीत नसतो. ओझोनप्रमाणेच सल्फर डायॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनिया यांपासून हवेत तयार होणारे कणही कोणत्याच धुराड्याच्या नावावर नसतात. धूळ उन्हाळ्यात जास्त उडते, आणि तिचे गणित मुळात परदेशी रस्त्यांवर बेतलेल्या सूत्रावर उभे आहे. केवळ यादी पाहणारा माणूस रस्ते झाडण्यावर आणि पाणी मारण्यावर सगळा भर देईल. रस्ते स्वच्छ होतील, पण हिवाळ्यातली हवा फारशी सुधारणार नाही. मॅक्केब यांच्या लॉस एंजेलिसमध्ये नेमके हेच घडले होते.

उलट बाजूही विसरून चालणार नाही. रस्त्याच्या कडेला जाळलेला कचरा, दुकानांमागचे जनित्र, लाकडावर चालणारी बेकरी, रखवालदाराची शेकोटी यांच्या नोंदी कोणत्याच कार्यालयात धडपणे नसतात. त्यांचा आकडा पाहणी करूनच काढावा लागतो. तो अदमासे जास्त धरला तर गरिबाच्या पोटावर पाय येतो. यादीतून गाळला तर शेजारच्या मुलांच्या फुप्फुसांवर येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांकडून अशा याद्यांची आणि तपासांची अपेक्षा धरली आहे. त्या याद्यांवर सरकारी पैसा आणि बंदीचे हुकूम दोन्ही अवलंबून राहणार आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेभोवतीचा एक किलोमीटर बाजूचा चौकोन नकाशावर आखा. त्याचे २५० मीटर बाजूचे सोळा लहान चौकोन करा. विद्यार्थ्यांचे आठ गट केले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन चौकोन येतील. धूर किंवा धूळ सोडणाऱ्या सर्व गोष्टींची गटाने नोंद करायची: भट्ट्या, चहाच्या टपऱ्या, बंब, इस्त्रीवाल्याचा कोळसा, जनित्रे, बांधकामे, कचरा जाळण्याच्या जागा. रस्त्यावरची वाहने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटे प्रकारानुसार मोजायची. त्यासाठी शाळेची गच्ची किंवा एखादी सुरक्षित पायरी निवडावी. इंधन किती लागते हे दुकानदाराला नम्रपणे विचारावे. तक्रार करायला नव्हे, शिकायला आलो आहोत, हे आधी सांगावे.

मग चौकोनांना कमी-जास्त छटांनी रंगवा. हे झाल्यावर गटांची अदलाबदल करा आणि त्याच चौकोनांची नोंद दुसऱ्या गटाकडून पुन्हा करून घ्या. दोन नोंदींत जो फरक पडेल, त्याची कारणे शोधण्यात खरी मजा आहे. एका गटाने सकाळची भट्टी पाहिली असेल, दुसरा गेला तेव्हा ती विझलेली असेल. एकाला जनित्र दिसले असेल, दुसऱ्याच्या वेळी वीज गेलीच नसेल.

तक्त्यात वस्तू, संख्या, वेळ, इंधन असे रकाने असतीलच. त्यांच्याशेजारी 'हे आपल्याला कसे कळले?' असा आणखी एक रकाना आम्ही सुचवतो. त्यात विद्यार्थ्यांनी पाहिले, विचारले किंवा अंदाज केला यांपैकी एक शब्द लिहावा. तक्ता पूर्ण झाल्यावर 'अंदाज केला' किती ठिकाणी आले ते वर्गाने मोजावे आणि पुढच्या फेरीला तिथूनच सुरुवात करावी.